लॉन, संत्र्याची बाग आणि वावर: एकाच लहान ट्रॅक्टरवर निभवायचं तर

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शी पट्ट्यात अलीकडे एक नवी गरज दिसू लागली आहे. रस्त्याला लागून थोडी जागा असते, तिथे हिरवळ वाढवून लग्नकार्यांना लॉन द्यायचं. मागे संत्र्याची बाग. आणि थोडं दूर, पांदणीच्या (शेतवाटेच्या) शेवटी, वडिलांनी ठेवलेलं कपाशी-तुरीचं वावर. बैलजोडी विकलेली असते, सालदार मिळत नाही, मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलावला तर ऐन वाफशाच्या दिवशी, म्हणजे जमिनीत मशागतीला योग्य ओल असते तेव्हा, तो दुसऱ्याच्या वावरात असतो. मग माणूस लहान ट्रॅक्टरचा विचार करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती एचपीचा घेऊ?"

हा प्रश्न शेवटी ठेवा. माझ्याकडे सव्वा एकर लॉन, चार एकर संत्रा आणि सहा एकर कोरडवाहू वावर आहे. आतापर्यंत दोन लहान ट्रॅक्टर वापरून झाले. पहिला मी एचपी आणि किंमत पाहून घेतला होता. तीन वर्षांत बदलावा लागला, कारण मला अडचण आली ती रुंदीची, चाकांची आणि क्लचची. ताकद कधीच कमी पडली नाही.

शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन फिरा

एक सकाळ काढा. वही, टेप आणि सोबत एक माणूस घ्या. आधी बागेत जा. आपल्याकडे संत्रा बहुतेक ठिकाणी ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे साधारण २० फुटांवर लावलेला असतो. कागदावर २० फूट भरपूर वाटतात. पण दहा-बारा वर्षांच्या झाडाचा घेर दोन्ही बाजूंनी सात-सात फूट आत येतो आणि मधे राहतात सहा फूट. आंबिया बहार (संत्र्याच्या फळांचा एक हंगाम) भरात असला की फांद्या अजून वाकतात, त्यांना बांबूचे टेके लावावे लागतात, आणि ते टेके नेमके गाडीच्या वाटेत येतात. म्हणून मोजमाप फळं उतरून बाग मोकळी झालेली असताना करू नका. फळांनी लदलेली असताना करा, किंवा आलेल्या मापातून दोन फूट वजा करा. रुंदीइतकीच उंचीही मोजा. सर्वात खालची जाड फांदी जमिनीपासून किती उंच आहे ते लिहून ठेवा. स्टिअरिंग आणि बॉनेट तिच्याखालून जाईल, पण वर उभा सायलेन्सर असेल तर तो फांदीत अडकेल आणि तापलेला असेल तर पानं करपवेल. बागेसाठी सायलेन्सर खाली वळवलेला हवा.

मग वावरात जा आणि ओळींमधलं अंतर मोजा. इथला हिशेब जरा समजून घ्या, कारण दुकानात तो कोणी सांगत नाही.

कपाशी चार फुटांवर असेल तर ओळींच्या मधून जाणारा ट्रॅक्टर हवा. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तो तीन फूट किंवा थोडा जास्त भरला, तर दोन्ही बाजूंना पाच-सहा इंच मोकळे राहतात. कपाशी फांद्या पसरेपर्यंत तेवढ्यात डवरणी (ओळींमधलं तण काढणं) होते. त्यानंतर गाडी घालू नका, फांद्या मोडतात आणि पात्या (फुलांच्या कळ्या) गळतात.

सोयाबीनचं गणित वेगळं. ओळी १८ इंचांवर असतील तर ट्रॅक्टर मधून जाऊच शकत नाही. त्याला दोन ओळी पोटाखाली घेऊन चालावं लागतं आणि दोन्ही चाकं दोन ओळींच्या बरोबर मधे पडावी लागतात. म्हणजे एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत ३६ इंच. चाक आठ इंच रुंद धरलं तर बाहेरून बाहेर ४४ इंच झाले, आणि हाच ट्रॅक्टर आता चार फुटांच्या कपाशीत जेमतेम दोन-दोन इंच जागा ठेवून चालणार. उलट, कपाशीसाठी ३० इंचांवर ठेवलेली चाकं सोयाबीनच्या ओळीला घासत जातात.

त्यामुळे घेताना विचारा: मागच्या चाकांमधलं अंतर कमी-जास्त करता येतं का, किती करता येतं आणि कसं? बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत चाकाची रिम उलटी करून लावली की अंतर बदलतं. पुढची चाकंही त्याच मापात येतात का तेही पाहा. मागची ओळीत आणि पुढची पिकावर, असं झालं तर काय उपयोग? दोन्ही पिकं घेणाऱ्याला अंतर न बदलणारा ट्रॅक्टर अर्धाच कामाचा.

पोटाखालची उंची बहुतेक लहान गाड्यांत फूटभराच्या आतच असते. सोयाबीन त्याहून उंच झालं की डवरणी बैलांनी किंवा हाताने.

चाक आणि वजन: खरी ओढाताण इथे आहे

लॉन आणि काळी माती या दोघांची मागणी एकमेकांच्या विरुद्ध आहे. वखर (मशागतीचं अवजार) ओढायला वजन लागतं आणि मातीत रुतून पकडणारं खोल नक्षीचं चाक लागतं. हिरवळीला हलकी गाडी आणि रुंद, सपाट नक्षीचं चाक लागतं. लहान ट्रॅक्टरही पाऊण ते एक टन भरतो. खोल नक्षीची चाकं ओल्या लॉनवर वळली की हिरवळ मुळासकट सोलून निघते आणि काळ्या मातीत चाकोऱ्या पडतात. माती वाळली की त्या दगडासारख्या घट्ट होतात. त्यावर टेबलं मांडली तर डगमगतात आणि पुढच्या वेळी मोवरचं (गवत कापायच्या यंत्राचं) पातं उंचवट्यावर माती खरवडतं.

दोन्हीला पुरेल असं मधलं चाक घ्या, असं काहीजण सुचवतात. माझं मत तसं नाही. वावर आणि बाग ही पोटाची कामं आहेत, तिथे चाक घसरलं तर वाफसा हातचा जातो. चाक शेतीचंच घ्या, आणि लॉनवर गाडी कधी आणि कशी न्यायची याचे नियम स्वतःला घालून घ्या. लॉन दोन एकरांपेक्षा मोठं असेल आणि उत्पन्न प्रामुख्याने त्याचंच असेल, तरच लॉनच्या चाकांचा दुसरा जोड घ्यावा. तो ऐनवेळी मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टर घेतानाच विक्रेत्याकडून लिहून घ्या.

माझे नियम साधे आहेत. लॉनला पाणी देणं कापणीच्या आधी तीन दिवस बंद. चप्पल काढून टाच जोरात दाबायची. ती बोटभरापेक्षा जास्त रुतली तर गाडी आत न्यायची नाही. चाकात वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर लॉनच्या मोसमात ते काढून टाकायचं, पुढची लोखंडी वजनंही उतरवायची. दर वेळी एकाच रेषेत चालायचं नाही. एकदा पूर्व-पश्चिम, पुढच्या वेळी उत्तर-दक्षिण. आणि जागेवर वळायचं नाही, मोठा फेरा घ्यायचा.

फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घ्यावी का? काळ्या जमिनीत, पांदणीतून जाणं-येणं असेल तर घ्या. जुलै-ऑगस्टच्या चिखलात टू व्हील लहान ट्रॅक्टर मोकळा असतानाही फसतो, कारण त्याचं वजन कमी आणि चाक लहान. पण लॉनवर आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हीलचा लिव्हर सोडलेलाच हवा. नाहीतर वळताना पुढची चाकं घासत जातात, हिरवळ फाटते आणि गिअरवर ताण येतो.

पीटीओ आणि क्लच

पीटीओ म्हणजे गाडीच्या मागचा फिरता दांडा. मोवर, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर, सगळं त्यावर चालतं. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. इंजिन किती आरपीएमवर असताना हे ५४० मिळतात ते पुस्तिकेत दिलेलं असतं. मोवर चालवताना ॲक्सिलरेटर त्या खुणेवरच राहू द्या. गाडी हळू हवी असेल तर गिअर खालचा टाका. ॲक्सिलरेटर कमी केला की पात्याचा वेग पडतो, गवत कापलं जाण्याऐवजी ओरबाडलं जातं आणि दोन दिवसांनी लॉन वरून पांढुरकं, करपल्यासारखं दिसतं. म्हणूनच ताशी दोन-तीन किलोमीटरने चालणारे एक-दोन गिअर तुमच्या ट्रॅक्टरात असलेच पाहिजेत.

आता क्लच. माझा पहिला ट्रॅक्टर सिंगल क्लचचा होता. एका सकाळी लॉनच्या कंपाउंडच्या भिंतीजवळ मोवर चालवत होतो. भिंत दोन हातांवर आली तेव्हा क्लच दाबला. गाडी थांबायला हवी होती, ती पुढेच जात राहिली. ब्रेकवर उभा राहिलो तेव्हा बंपर भिंतीला टेकून थांबली. सालदार धावत आला आणि म्हणाला, "भाऊ, मांगून कोनी ढकलल्यावानी गेली जी गाडी." त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. मोवरची जड पाती वेगात फिरत असतात. क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, पण सिंगल क्लचमध्ये पीटीओ आणि चाकं एकाच गिअरमधून जोडलेली राहतात. मग फिरती पातीच उलट्या बाजूने चाकांना ढकलत राहतात. माझ्या पुढे भिंत होती. तिथे लग्नघरचं एखादं पोरही असू शकलं असतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर घ्यायचा. त्यात गाडी थांबवली तरी पातं फिरत राहतं आणि चाकांशी त्याचा संबंध राहत नाही. दाट गवतात हे फारच सोयीचं. गाडी क्षणभर थांबवायची, मोवरला गवत संपवू द्यायचं, मग पुढे. दुसरा, सिंगल क्लचचाच ट्रॅक्टर परवडत असेल तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवायचा. दांड्यावर बसणारा छोटा भाग आहे, तो एकाच दिशेने जोर देतो. मोवर चालवणाऱ्याने या दोन्हींपैकी एक असल्याशिवाय गाडी सुरूच करू नये.

पीटीओच्या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकायची आपल्याकडे सवय आहे. तसं करू नका. उन्हात डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक लोंबत असतं, वाकून पाहताना ते दांड्यावर पडलं की ओढायला एक सेकंद पुरतो. दुपट्टा शर्टाच्या आत खोचा आणि इंजिन बंद केल्याशिवाय मागे जाऊ नका.

आता एचपी

रुंदी, चाक, क्लच ठरलं की एचपी आपोआप १८ ते २८ च्या मधे येतं. कंपनी सांगते ती ताकद इंजिनची. पीटीओवर त्यातली थोडी कमी पोहोचते. २० एचपीच्या गाडीत साधारण सतरा धरा. अवजार निवडताना हाच आकडा पाहा. २० एचपीला तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटर झेपतो, २४ ते २८ ला चार फुटी. चार फुटी मोवर मात्र २० एचपीवर आरामात चालतो.

काही कामांची अपेक्षाच ठेवू नका. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या जमिनीची खोल नांगरणी याने होणार नाही. कपाशी निघाल्यावर पऱ्हाटीचा (उरलेल्या काड्यांचा) चुरा करणारा श्रेडर चालवायला मोठा ट्रॅक्टरच लागतो. ती दोन कामं भाड्याने करून घ्या, वर्षाला दोनच दिवसांचा प्रश्न आहे.

बागेत रोटाव्हेटर जपून वापरा. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या वरच्या फूटभर मातीतच असतात. पाती खोल गेली की त्या तुटतात आणि तिथून रोग शिरायला वाट मिळते. आणि हराळी किंवा कुंदा असेल तर रोटाव्हेटर त्याचे तुकडे करून बागभर लावतो. आधी चार ठिकाणी असलेली हराळी पुढच्या पावसाळ्यात सगळीकडे दिसते. बागेत मी आता रोटाव्हेटर घालतच नाही. गवत मोवरने कापतो आणि झाडाखाली पसरवतो. माती झाकलेली राहते, मार्चमधला ओलावा टिकतो. खरं सांगायचं तर लॉनसाठी घेतलेल्या मोवरचा जास्त फायदा मला बागेतच झाला.

कोणता मोवर

मागे जोडायचे तीन प्रकार मिळतात. स्लॅशर कमरेएवढं गवत, गाजरगवत, धुऱ्यावरची (बांधावरची) झुडपं तोडतो, पण काप ओबडधोबड. फिनिशिंग मोवरला तीन पाती आणि कोपऱ्यांना चार चाकं असतात. लॉनचा काप सारखा येतो, मात्र उंच गवतात तो गुदमरतो. फ्लेलमध्ये आडव्या रुळावर लहान लहान पाती लटकलेली असतात. ती गवताचा बारीक चुरा करते, दगड लागला तर पातं मागे वळतं, वस्तू सहसा लांब उडत नाही. बाग आणि लॉन दोन्ही असेल तर मी फ्लेल सुचवेन. लॉनचा काप फिनिशिंगइतका देखणा येत नाही, पण लग्नाच्या लॉनला चालतो.

लॉनवर मोवर हायड्रॉलिकने (अवजार उचलणाऱ्या यंत्रणेने) उचलून धरू नका. लिव्हर पूर्ण खाली सोडा, मोवर स्वतःच्या चाकांवर किंवा रुळावर टेकू द्या, टॉप लिंक (मोवरला वरून जोडणारा दांडा) किंचित सैल ठेवा. म्हणजे पुढचं चाक खड्ड्यात गेलं तरी मागचं पातं मातीत घुसत नाही. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग कापू नका: दीड इंचावर ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की गाडी काढा.

वेळेचा अंदाज असा. चार फुटी मोवर ताशी तीन किलोमीटरने तासाला ३,६०० चौरस मीटर कापेल. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे वजा जाता २,७०० धरा. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा एकराला दीड तास. झाडांच्या बुडाशी आणि भिंतीलगत हाताने चालवायचा ब्रश कटर लागतोच, त्याचे पैसे वेगळे धरा.

लग्नानंतर मोवर घालण्याआधी लॉन पायी फिरून पाहा. मांडववाल्याची एक लोखंडी खुंटी गवतात राहून गेली होती. तिने माझं एक पातं वाकवलं आणि कुंपणापलीकडे जाऊन पडली. चमचे, वायरचे तुकडे, बाटल्यांची झाकणं हमखास सापडतात. बागेत ठिबकच्या नळ्या आधी झाडाकडे ओढून घ्या.

ज्या गोष्टी पहिल्या उन्हाळ्यात कळतात

आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात मोवर चालवला की गवताचा भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि गाडी तापते. जाळी हाताने काढून झटकता येते का ते दुकानातच पाहा. काहींत त्यासाठी बॅटरी हलवावी लागते. वाळल्या गवतात काम संपलं की सायलेन्सरजवळचा भुसा झाडल्याशिवाय गाडी शेडमध्ये लावू नका.

फवारणीची २०० लिटरची टाकी मागे टांगणार असाल तर पाण्याचंच वजन २०० किलो, वर टाकी, पंप आणि पंखा. हायड्रॉलिकची क्षमता पुरते, पण पुढचं तोंड उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तेव्हा पुढची वजनं परत चढवा. धुऱ्यावर किंवा नाल्याच्या उतारावर जायचं तर मागची चाकं जमेल तेवढी रुंद करून घ्या. अरुंद गाडी लवकर कलंडते.

कागद आणि पैसे

अनुदान घ्यायचं असेल तर आधी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करा. आधी बिल झालं तर अनुदान गेलं. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) आधीच काढून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर सही करू नका.

मध्य प्रदेशातल्या बुदनीला, नर्मदेच्या काठी, केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तुम्ही पाहत असलेल्या मॉडेलचा तिथला चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागा. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, डिझेल किती लागलं, हायड्रॉलिकने किती उचललं, हे त्यात छापलेलं असतं.

जुना घेत असाल तर रोटाव्हेटर जोडून वर उचला, इंजिन बंद करा आणि चहा घेऊन या. परत येईपर्यंत तो जमिनीला टेकला असेल तर हायड्रॉलिकमध्ये खर्च आहे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

डेमो तुमच्याच जागेत

शोरूमच्या पटांगणातला डेमो धरू नका. गाडी तुमच्या वावरात मागवा, तीही मृगाच्या आधीच्या घाईत नको. त्या घाईच्याही आधीचा एखादा दिवस ठरवा. तुम्हीच चालवा. बागेतल्या सर्वात अरुंद पट्ट्यातून मोवर लावून न्या आणि धुऱ्याजवळ किती फुटांत वळते ते टेपने मोजा. वही काढून पहिल्या दिवशीची मापं शेजारी ठेवा. लॉनवर एक वळण घेऊन उतरा आणि चाकाखालची हिरवळ हाताने चाचपून पाहा. शेवटी मोवर पूर्ण वेगात असताना, समोर मोकळी जागा ठेवून, क्लच दाबा आणि गाडी किती पुढे जाते ते बघा.